बगळा हलवायचं काम

आमच्या घरात माणसं चार आणि कामं करणारा पाचवा. त्या पाचव्याचं नाव 'कुणीतरी'. नळ गळतोय? कुणीतरी बघेल. दूध उतू चाललंय? कुणीतरी गॅस बंद करेल. कचऱ्याची पिशवी दारात फुगून बसलीये? कुणीतरी जाताना नेईल. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी या कुणीतरीला शोधते आहे. आजवर तो मला एकाच ठिकाणी भेटलाय. केस विंचरताना, आरशात.

परसातलं तळं मात्र कुणीतरीनं खणलेलं नाही. ते मी खणलं. हे मी ओरडून सांगते, कारण न ओरडता सांगितलेलं या घरात कुणाच्या कानात शिरत नाही.

मी बेकरीत कामाला आहे. पहिली भट्टी उस्तादाची, दुसरी माझी. ट्रे आत ढकलायचे, लाल झालेले पाव बाहेर ओढायचे, पुन्हा ढकलायचे. दुपारी घरी येते तेव्हा तोंडाची कातडी पावाच्या सालीसारखी ताणलेली असते. घरात बसायला जागा आहे, नाही असं नाही. पण हॉल नवऱ्याच्या टीव्हीचा, स्वयंपाकघर सासूबाईंचं, वरची खोली दिराची. माझ्या नावावर एक कपाट आहे, त्याचाही खालचा कप्पा कुणाच्या तरी जुन्या रजयांनी अडवलाय. म्हणून मी परसात खड्डा खणला, जाड प्लॅस्टिक अंथरलं, कडेनं दगड रचले, तळाशी मासे लपायला ड्रेनेजचा एक मातीचा पाइप आडवा ठेवला, पाणी भरलं आणि मासे सोडले. कामावरून आलं की चहाचा कप घेऊन तिथे बसायचं. गार पाणी, पाण्यात केशरी हालचाल. चहा संपला की उठायचं. आयुष्याकडे माझं एवढंच मागणं आहे आणि तेवढंही लोकांना बघवत नाही.

गेल्या हिवाळ्यात आई आजारी पडली म्हणून मला माहेरी जावं लागलं. निघण्याआधी तिघांना समोर बसवलं आणि शाळेत शिकवतात तसं सांगितलं. आमच्या गावच्या थंडीत तळं वरून गोठलं तरी मासे मरत नाहीत. तळाशी पाणी गोठत नाही, तिथे ते गप पडून राहतात. पण वरचा बर्फ सगळीकडून बंद झाला, तर खाली कुजलेल्या पानांचा वायू कोंडतो आणि मासे गुदमरतात. म्हणून बर्फात एक भोक उघडं ठेवायचं. बर्फ हातोड्यानं फोडायचा नाही, त्या दणक्यानंच जातात ते. संध्याकाळी पाण्यावर रबरी चेंडू तरंगत ठेवायचा. सकाळी त्याच्याभोवती कढत पाणी ओतायचं, चेंडू सुटला की उचलायचा, भोक तयार. तिघांनी इतक्या जोरात माना हलवल्या की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

परत आले तर तळ्यावर काचेसारखा बर्फ. काचेखाली मासे, पोटं वर करून, दुकानाच्या शोकेसमध्ये मांडल्यासारखे.

"मला वाटलं आई ओततेय पाणी," नवरा म्हणाला.

"मला वाटलं धाकटा ओततोय," सासूबाई म्हणाल्या.

"मला वाटलं दादा," दीर म्हणाला. "दादा सकाळी उठतो ना."

दादा सकाळी उठतो! दादा सकाळी उठला तर पेपरात बातमी येईल.

एकटी काणी तेवढी वाचली. काणी म्हणजे माझी सगळ्यात मोठी मासोळी, एका डोळ्याची, तळहाताहून लांब. कशी वाचली तिचं तिला ठाऊक. बर्फ वितळल्यावर ती पाइपातून बाहेर आली आणि त्या एका डोळ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिथल्या तिथे ठरवलं, पुन्हा तळं भरायचं.

नवऱ्यानं मात्र वेगळंच ठरवलं होतं. त्याला तळ्याच्या जागी गाडी लावायची होती. गाडी रस्त्यावर उभी राहते, पक्षी तिच्यावर घाण करतात, याचं त्याला भयंकर दुःख. जेवताना तो म्हणाला, "हे बघ, नवे मासे आण, माझी ना नाही. पण या हिवाळ्यात पुन्हा मेले, तर तळं बुजवायचं. मग रडारड नको."

"आणि जगले तर?"

"तर तुझं तळं. मी पुन्हा विषय काढणार नाही."

"सगळ्यांसमोर म्हणताय."

"सगळ्यांसमोर म्हणतोय."

सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "मुक्या जिवांवर कसल्या पैजा लावता रे!" आणि सगळ्यात मोठा बटाटा थोरल्याच्या ताटात टाकला. त्यावरून मला कळलं त्या कुणाच्या बाजूच्या आहेत ते.

नवे मासे आणले. उन्हाळाभर वाढले, गुबगुबीत झाले. पानं गळायला लागली तशी मी तळ्यावर जाळी ताणली. कुजायला पानंच पडायला नकोत. थंडी वाढली तसं माशांचं खाणं बंद केलं, कारण थंडीत त्यांच्या पोटात काही पचत नाही, आत सडतं आणि मासा मरतो. हेही घरात सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी कडेच्या दगडावर पावाचा चुरा.

"आई, हे काय?"

"काय?"

"हा चुरा."

"चिमण्यांनी टाकला असेल."

"चिमण्या चुरा खातात, टाकत नाहीत."

"अगं, वर बघत होती ती, तोंड उघडून. उपाशीपोटी जीव झोपतो का कुठे? तू भट्टीवर पाव भाजतेस आणि घरचे मासे उपाशी?"

ज्या बाईला टीव्हीवरच्या मालिकेतली सून दोन भाग जेवली नाही तर झोप लागत नाही, तिला माशाचं पोट कसं समजावणार? मी पावाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. त्या स्टुलावर चढल्या.

पहिली कडक थंडी पडली तशी जाळीची वाट लागली. ओल धरून ती गोठली, जड झाली, मधे पोटासारखी लोंबली आणि पाण्यात बुडून बर्फात रुतली. काढताना फाटली. आणि जाळी गेली त्याच आठवड्यात शेजारच्या मास्तरांनी भिंतीवरून हाक मारली. मास्तर म्हणजे रिटायर झालेले शाळामास्तर. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि आमच्या परसाची हजेरी घेतात.

"बाई, तुमच्याकडे पाहुणा येऊन गेला सकाळी. राखाडी बगळा. ही एवढी मान! तळ्याकडे बघून गेलाय. पत्ता लिहून घेतलाय त्यानं."

ती जात वाईट. अर्धा अर्धा तास खांबासारखी उभी राहणार आणि मान भाल्यासारखी फेकणार. एका हिवाळ्यात तळं रिकामं.

रात्री जेवताना विषय निघाला आणि दिरानं मोबाइल पुसला. तो मोबाइल पुसतो तेव्हा समजायचं, आता ज्ञान येणार. "वहिनी, सोपं आहे. बगळा दुसऱ्या बगळ्याच्या हद्दीत उतरत नाही. एक पुतळा आणायचा प्लॅस्टिकचा. तो बघून खरा बगळा म्हणतो, इथली जागा गेली. आणि वरच्या वर कल्टी."

"आणि तो इतका बावळट असतो?"

"त्यासाठी पुतळा रोज हलवायचा. रोज नवी जागा. एकाच जागी राहिला की त्याला कळतं, हा खोटा आहे म्हणून. तेवढं एकच काम."

तेवढं एकच काम! मी तिघांकडे पाहिलं. "मी उजाडायच्या आत बाहेर जाऊन चेंडू काढते. संध्याकाळी पुन्हा चेंडू ठेवते. पानं मी काढते, दगड मी नीट करते. सगळं मी करते. तुम्ही तिघांत मिळून एक काम करायचं. रोज सकाळी बगळा हलवायचा. जमेल?"

"अगं, न जमायला काय झालं?" नवरा म्हणाला. "बगळाच तर हलवायचाय."

पुतळा आला. बरा होता दिसायला, राखाडी पंख, डोक्यावर काळा तुरा, पायांच्या जागी दोन सळया. सळया जमिनीत खुपसायच्या होत्या, पण जमीन दगडासारखी गोठलेली. मग दिरानं त्या एका लाकडी फळीवर ठोकल्या, पुतळा तळ्याकाठी उभा केला, त्याच्यासोबत स्वतःचा फोटो काढला आणि वर गेला.

दोन-चार दिवस पुतळा हलला नाही. मला सवय आहे. मग एका रात्री जोरात वारा सुटला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला.

माझी सकाळ अशी असते. अंधारात किटली घेऊन बाहेर जायचं, चेंडूभोवती पाणी ओतायचं, चेंडू उचलून आत यायचं. आंघोळ. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या उभ्या चहा. खिडकीची काच वाफेनं धुरकट, बाहेर नुकतं फटफटतंय. त्या दिवशी चहा पिताना बाहेर पाहिलं, तर बगळा तळ्याच्या पलीकडच्या कडेला. काल अलीकडे होता.

हलवला! कुणीतरी हलवला!

दुसऱ्या दिवशी अगदी भोकापाशी. तिसऱ्या दिवशी कडेच्या मोठ्या दगडावर, तोंड दुसरीकडे. इतक्या वर्षांत या घरात एक काम न ओरडता होत होतं, तेही एवढ्या थंडीत, पहाटे, मी आंघोळीला असताना. मला रडू यायचं बाकी होतं, खोटं नाही सांगत.

फक्त एक कळेना. दुपारी येऊन पाहावं तर पुतळा नाही. आणि काम करणाऱ्याला एकदा तरी बरं म्हणावं, म्हणून मी दिराला गाठलं. वरच्या खोलीला बाहेरून जिना आहे, म्हणजे पहाटे तोच उतरत असणार.

"भावजी, बगळ्याचं फार छान चाललंय हं. रोज पहाटे उठता!"

तो क्षणभर गोंधळला. मग कॉलर नीट केली. "अहो वहिनी, त्यात काय एवढं. आपल्या घरचं काम."

"पण दुपारी कुठे असतो तो?"

हे नवऱ्यानं ऐकलं. तो टीव्हीसमोरून ओरडला, "मी आत घेतो तो! ऊन-दवानं रंग उडतो त्याचा. आणि जागा कोण ठरवतं विचार त्याला. मी ठरवतो. तो नुसता उचलतो."

दिरानं भावाकडे पाहिलं, भावानं दिराकडे.

"आणि या दोघांना उठवतं कोण?" सासूबाई आतून म्हणाल्या. "दोन्ही कुंभकर्ण. मीच हाका मारते. गुडघे दुखतात तरी परसात पहिली मी जाते. पण माझं नाव कोण घेणार!"

मी तिघांनाही चहा करून दिला. आलं घालून. आज तो चहा आठवला की हात शिवशिवतात.

थंडी वाढत गेली. मी रोज भोक उघडत होते, रोज बगळा नव्या जागी दिसत होता. एकदा मास्तर भिंतीवरून म्हणाले, "बाई, तुमचा पुतळा फार कामसू आहे हो. काल तर एका पायावर उभा केला होतात. वा!"

"भावजींचं डोकं," मी म्हटलं. अभिमानानं.

"आणि मान पण वळते वाटतं त्याची?"

मला वाटलं मास्तर चेष्टा करतायत. रिटायर माणूस, दिवस जात नाही, करणार चेष्टा. मी हसले. मास्तरही हसले. ते कशाला हसले ते मला नंतर कळलं. त्यांचं म्हणणं, त्यांना वाटत होतं मी चेष्टा करतेय. अशी माणसं माझ्याच वाट्याला कशी येतात?

मग एक दिवस बेकरीत पीठ मळायच्या मशीनचा पट्टा तुटला. उस्तादानं शिव्या घातल्या, पट्ट्याला, मशीनला, ज्यानं ते बनवलं त्याच्या सगळ्या खानदानाला, आणि मला म्हणाला, "जा तू घरी. आज दुसरी भट्टी नाही."

सकाळच्या चांगल्या उजेडात मी या परसात शेवटची कधी आले होते, आठवत नाही. मागच्या गल्लीतून फाटक उघडलं. फाटकाच्या आत पाण्याचं जुनं पिंप आहे. वाटेवरचा बर्फ चुकवायला मी पिंपामागून वळले, जिथे एरवी जात नाही, आणि पिंप आणि भिंत यांच्या मधे माझा पाय कशाला तरी अडखळला. खाली पाहिलं.

पुतळा. पालथा. फळीसकट. त्याच्या पंखावर पानं गोठलेली, चोचीपासून पिंपापर्यंत कोळ्याचं जाळं, आणि त्या जाळ्यावर धूळ अशी बसलेली की ते आजकालचं नाही हे आंधळ्यालाही कळावं. वाऱ्याच्या त्या रात्रीपासून तो तिथेच पडून होता. त्याला कुणी हातही लावला नव्हता. कुणीही नाही. एकदाही नाही.

मी मान वर केली.

तळ्याच्या कडेला, माझ्या भोकापाशी, बगळा उभा होता.

घरातून मागचं दार उघडलं. नवरा कप घेऊन पायरीवर आला, अंगावर ब्लँकेट. मला बघून दचकला, मग सावरला, आणि कप तळ्याच्या दिशेनं करून म्हणाला, "आलीस लवकर? बघ, आज जरा डावीकडे ठेवलाय मी. बरा दिसतो ना?"

तेवढ्यात त्यानं डावीकडे ठेवलेल्या पुतळ्यानं मान मागे घेतली, फाट्कन भोकात घातली, आणि चोचीत एक केशरी मासा आडवा धरून वर काढली. मासा दोनदा वळवळला. मान सरळ झाली, गळ्यातून एक गाठ खाली गेली. मग पुतळ्यानं पंख पसरले, आमच्या दोघांच्या मधून उडाला, मास्तरांच्या गॅलरीवरून वळला आणि गेला.

नवऱ्याचा कप तसाच हवेत.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही ठेवलेला उडाला."

मी पालथा पुतळा सळईला धरून उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर उभा केला. सासूबाई किंचाळल्या. दीर जिन्यावरून धावत आला.

"कोण हलवत होतं?" मी विचारलं.

तिघांनीही पुतळ्याकडे पाहिलं.

"भावजी, तुम्ही उचलत होतात ना? अहो, तुम्ही जागा ठरवत होतात ना? आई, तुम्ही हाका मारत होतात ना? कुणाला? त्याला?"

"मला वाटलं दादा हलवतोय," दीर म्हणाला. "तुम्ही मला बरं म्हणालात, म्हटलं कशाला नाराज करा."

"मला वाटलं हा," नवरा म्हणाला. "हा श्रेय घेतोय म्हटल्यावर मी का सोडू?"

"मला मोतीबिंदू आहे," सासूबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. त्या डोळ्यांनी त्या भाजीतली अळी शोधतात.

मी फार ओरडले. इतकी ओरडले की मास्तर गॅलरीतून उठून आत गेले, आणि मास्तर कधी आत जात नाहीत. पण ओरडता ओरडताच माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. भोक कोण उघडत होतं? मी. अंधारात, बोटं बधिर करून, किटलीभर कढत पाणी ओतून, रोज न चुकता. सासूबाईंच्या चुऱ्याला सोकावलेले मासे भोकाखाली येत होते, आणि मी त्या बगळ्याला रोज ताट वाढून बेकरीत जात होते. बर्फ बंद ठेवला तर मासे गुदमरणार, उघडा ठेवला तर हा गिळणार. आणि मधे उभा करायला माझ्याकडे काय होतं, तर तिघांचा शब्द.

चेंडूचं भोक ते. त्यावर ठेवायला एवढंसं काहीतरी मिळालं असतं तर ही सगळी नाटकं लागलीच नसती.

दुसऱ्या दिवशी उस्तादाला म्हटलं, "तो वाकडा झालेला ट्रे द्या मला. पाव निववायचा, तारेच्या जाळीचा. तुम्ही भंगारात काढलाय तो."

"काय करणार?"

"भोकावर ठेवणार."

"कसल्या भोकावर?"

"घरच्या."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आणखी काही विचारलं नाही. वर म्हणाला, "दोन घेऊन जा."

ट्रे भोकावर ठेवला, चारी कोपऱ्यांवर दगड. वाफ जाते, वायू जातो, चोच जात नाही. बगळा दुसऱ्या दिवशी आला, ट्रेवर उभा राहिला, जाळीतून खाली पाहिलं. मी खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. पुढे आठवडाभर तो येऊन उभा राहायचा आणि जायचा. मग यायचा बंद झाला. पावाचा डबा मी बेकरीत नेऊन ठेवला. घरात मोजके पाव आणायचे आणि सगळे समोर बसून खायचे.

पण खाली कोण उरलंय, हे कळायला मार्ग नव्हता. गढूळ पाणी, वर बर्फ. थंडी ओसरायची वाट बघणं एवढंच हातात. घरात सगळे माझ्याशी गोड बोलत होते. नवऱ्यानं तर एकदा स्वतःचा कप स्वतः धुतला. मला ते लक्षण बरं वाटलं नाही.

बर्फ सुटला तो दिवस सुट्टीचा होता. चौघंही तळ्याकाठी उभे. पाणी काळपट, वर पानांचा चोथा, बर्फाचे उरलेले पातळ तुकडे. खाली काहीही हलत नव्हतं.

"संपलं," नवरा म्हणाला. मग म्हणाला, "मी माती सांगितलीय."

"काय?"

"टिप्परवाल्याला. म्हटलं, तयारी असावी."

"कधी सांगितलीत?"

"झाले बरेच दिवस. आगाऊ सांगावं लागतं."

बघा! ज्या माणसानं एक प्लॅस्टिकचा बगळा एक हात सरकवला नाही, त्यानं न सांगता, न ओरडता, वेळेच्या आधी टिप्परभर माती मागवली होती. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्याला तळ्यात ढकललं असतं. मी दगडावर बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. चहा नव्हता, पण चहाइतका वेळ बसायचं ठरवलं.

तळाशी पाइपाच्या तोंडातून गाळ हलला. मग एक जाड, केशरी, आळसावलेलं तोंड बाहेर आलं. काणी. तिनं नेहमीसारखं एका डोळ्यानं वर पाहिलं, उगाच शेपूट हलवली आणि सरकली. तिच्या मागून एक, मग आणखी एक, मग धाकट्यांतले दोघं-तिघं, लायनीत, पाइपातून, शाळा सुटल्यासारखे. सगळे नव्हते. निम्म्याहून कमी होते. पण होते.

"निम्मे मेलेच की," नवरा म्हणाला.

"मेले नाहीत," मी म्हटलं, "खाल्ले. तुमच्या देखत. तुम्ही डावीकडे ठेवलेल्यानं."

दीर फस्सकन हसला आणि भावाकडे बघून खोकला. आणि सासूबाई, ज्यांच्याकडून मला कशाचीच आशा नव्हती, त्या म्हणाल्या, "जित्या जिवांवर माती टाकणार का रे? तू शब्द दिलाय. सगळ्यांसमोर दिलाय." एवढं बोलून त्यांनी कमरेला खोचलेला पावाचा तुकडा काढला आणि पाण्यात टाकला. माझ्यासमोर. कुठून आणला, देव जाणे.

"बरं, बरं," नवरा म्हणाला. "राहू दे तळं. पण एक कबूल कर, मी लक्ष ठेवलं म्हणून एवढे तरी वाचले."

मी आत जाऊन किटली ठेवली.

माती रद्द करायची राहिली. नवऱ्याला वाटलं दीर फोन करेल, दिराला वाटलं नवरा करेल, सासूबाईंना वाटलं मी करेन. मला वाटलं नाही. मला काहीही वाटलं नाही, मी मुद्दाम वाटून घेतलं नाही. टिप्पर आला तेव्हा घरात मी आणि सासूबाई. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, कुठे ओतू?"

"ज्यांनी मागवली त्यांना विचारा."

त्यानं फोन लावला, कुणी उचलला नाही. त्याला पुढची फेरी होती. त्यानं फाटकाबाहेर, जिथे नवरा गाडी लावतो, नेमकी तिथे सगळी माती ओतली आणि गेला.

तो ढीग आहे अजून. गाडी पलीकडच्या गल्लीत लागते आणि तिथे पक्षी जास्त आहेत. दीर ढिगाला वळसा घालून जातो, सासूबाई ढिगाला शिव्या घालून जातात. मी पहाटे त्याच्यावर पाय ठेवून बेकरीत जाते, दुपारी त्याच्यावरून उतरून तळ्याशी चहा घेऊन बसते.

परवा जेवताना नवऱ्यानं ताट सरकवलं आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, "ती माती कुणीतरी हलवायला पाहिजे."

"हलवतंय की," मी म्हटलं. "रोज पहाटे थोडी थोडी. मी चहा पिताना वाकून बघते ना खिडकीतून."

दिरानं मान खाली घातली आणि आमटी पिण्यात दंग झाला. सासूबाई म्हणाल्या, "उठवते मी त्यांना," आणि पुढचं बोलायच्या आत गप्प झाल्या.

नवरा उठला. खिडकीशी गेला, हातानं काच पुसली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिला.

"अगं," तो म्हणाला, "खरंच जरा कमी झालीय, नाही?"